डोंगरात कंटेनर न्यायचाय? मग खरेदी सगळ्यात शेवटी करा

जहाजावरचा मालवाहू कंटेनर घ्यायचं ठरलं की माणूस पहिल्यांदा विकणारा शोधायला निघतो. सपाटीवर ते चालून जातं. डोंगरात हा क्रम उलटा धरावा लागतो: आधी रस्ता बघायचा, मग जागा, मग पाया, आणि या तिघांनी मिळून जेवढी परवानगी दिली तेवढाच कंटेनर घ्यायचा. डोंगरातल्या कामांसाठी कोठार, साइट ऑफिस, मुक्कामाची खोली म्हणून मी बरीच वर्षं कंटेनर बसवतो आहे. जिथे काम अडलं, तिथे मुळाशी बहुतेक वेळा हा क्रमच चुकलेला होता. पहिल्यांदाच कंटेनर घेणाऱ्यांसाठी हे सगळं ओळीने मांडतो.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की समजून घ्या: चार कोपरे

२६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकी वाहतूक व्यावसायिक माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे प्रवास सुरू केला. आजच्या कंटेनरची गोष्ट तिथून धरतात. ही पेटी घडली ती जहाजावर एकावर एक रचण्यासाठी, आणि म्हणून तिची सगळी ताकद चार उभ्या खांबांत आणि त्यांच्या टोकांना असलेल्या आठ कॉर्नर कास्टिंगमध्ये आहे. कॉर्नर कास्टिंग म्हणजे लंबगोल भोकं असलेला कोपऱ्यातला ओतीव पोलादी ठोकळा. या खांबांवर भरलेल्या कंटेनरांची चळत उभी राहते. भिंतीचा पत्रा मात्र साधारण १.६ मिलिमीटर जाडीचा आणि छताचा २ मिलिमीटर. छताची चाचणी होते ती ६० बाय ३० सेंटिमीटरच्या तुकड्यावर ३०० किलो वजन ठेवून. वर काम करणारी माणसं पेलावीत एवढाच तिचा हेतू.

डोंगर नेमका या कमकुवत जागांवर येतो. बर्फ छताच्या मध्यावर साचतो, माती भिंतीला रेटते, जमीन एखाद्याच कोपऱ्याखाली खचते. म्हणून पुढची प्रत्येक पायरी करताना एकच प्रश्न विचारायचा: वजन कोपऱ्यांवर जातंय का?

पायरी १: रस्ता मोजा

वीस फुटी कंटेनर ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद, २.५९ मीटर उंच. रिकाम्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. चाळीस फुटी १२.१९ मीटर लांब आणि पावणेचार टनांच्या पुढेमागे. आकड्यांत फरक दुपटीचा दिसतो, पण घाटात तो त्याहून कितीतरी मोठा असतो. वीस फुटी कंटेनर साध्या दहाचाकी ट्रकवर बसतो. चाळीस फुटीला ट्रेलर लागतो, आणि हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलट फिरणाऱ्या, वळणावर ट्रेलरची मागची चाकं आत कापतात. पुढचा भाग वळण पार करून गेलेला असतो आणि मागचं चाक आतल्या बाजूच्या चरात उतरलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यात एक जरी हेअरपिन असेल, तर चाळीस फुटीचा विचार सोडून द्या आणि दोन वीस फुटी घ्या.

रस्ता स्वतः, टेप घेऊन, शक्यतो पायी बघा. सगळ्यात अरुंद जागा कुठली, वळणाच्या बाहेरच्या कडेला भरीव जमीन आहे की नुसती ढासळती कड, हे गाडीच्या काचेतून कळत नाही. उंचीही मोजा. ट्रकवर चढवलेला साधा कंटेनर जमिनीपासून चार मीटरच्या आसपास जातो आणि हायक्यूब, म्हणजे २.९० मीटर उंचीचा, त्याच्याही वर एक फूट. फांद्या, विजेच्या तारा आणि रस्त्यावर झुकलेले कातळ याच उंचीवर असतात.

पूल येतात तेव्हा लोक कंटेनरच्या वजनाची काळजी करतात. खरी काळजी क्रेनची करायला हवी. सव्वादोन टनांची पेटी उतरवायला बोलावलेली क्रेन स्वतःच वीस-तीस टनांची असू शकते, आणि छोट्या पुलाच्या फलकावर तेवढा भार लिहिलेला नसतो. म्हणून शक्यतो ज्या ट्रकवर स्वतःचीच क्रेन असते तो ठरवा. त्याची ताकद टन-मीटरमध्ये सांगतात. हिशेब सोपा आहे: २.३ टनांची पेटी ट्रकवरच्या क्रेनच्या मध्यापासून ६ मीटरवर ठेवायची तर २.३ गुणिले ६, म्हणजे जवळपास १४ टन-मीटर. वर थोडी सोय धरून २० टन-मीटरची क्रेन मागा.

आणि सगळ्यात भरवशाची चौकशी: त्या रस्त्याने वर वाळू-सिमेंट नेणाऱ्या ड्रायव्हरांना गाठा. कुठल्या वळणावर रिव्हर्स घ्यावा लागतो, पावसानंतर कुठली कड बसते, हे त्यांना तोंडपाठ असतं.

रस्ता वीस फुटीलाही नाही म्हणाला, तर दोन वाटा उरतात. दहा फुटी कंटेनर जेमतेम ३ मीटर लांब आणि सव्वा टनाच्या जवळपास असतो. छोट्या ट्रकवर जातो. किंवा सुटे भाग वर नेऊन जोडायची फ्लॅटपॅक खोली. हेलिकॉप्टरने उचलू, असं कुणी सुचवतं. पण डोंगरी कामाची हलकी हेलिकॉप्टरं दोरावर साधारण टनभर वजन नेतात, आणि उंची वाढली की तेही कमी होतं. वीस फुटी पेटी त्यांच्या आवाक्यात येत नाही.

पायरी २: जागा

डोंगरात सपाट जागा दिसली की ती सपाट का झाली, हे आधी शोधा. घळीच्या तोंडाशी असलेलं सुरेख मैदान बहुधा घळीतून वाहून आलेल्या दगडमातीचं असतं, आणि ते पुन्हा येणार. वर बघा: कड्यावर ताजी, फिकट दगडाची जखम दिसते का, झाडं एकाच पट्ट्यात तुटलेली किंवा वाकलेली आहेत का. तशी खूण असेल तर ती दरडीची किंवा हिमलोटाची वाट आहे. पाऊण शतकात एकदाच वापरली गेली असेल, तरी ती वाटच.

उतार कापून केलेल्या सपाटीचा आतला अर्धा भाग मूळ जमिनीवर असतो आणि बाहेरचा अर्धा भरावावर. भराव बसतो, मूळ जमीन बसत नाही. शक्य असेल तर पूर्ण कंटेनर कापलेल्या भागावरच घ्या. पण त्या नादात तो डोंगराला चिकटवू नका. कापलेली मातीची भिंत कंटेनरच्या पाठीला टेकवली की ‘रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) फुकट मिळाली’ असं वाटतं. ओल्या मातीचा दाब दोन पावसाळ्यांत तो पत्रा आत ढकलतो. पुरण्याच्या बाबतीतही हेच. मागे किमान एक माणूस फावडं घेऊन फिरेल एवढी मोकळी जागा आणि तिथे पाणी काढून देणारा चर, हे दोन्ही ठेवाच.

दाराची दिशाही आताच ठरते. वाऱ्याच्या बाजूचं दार हातातून सुटतं. दाराची प्रत्येक फळी सव्वा मीटरच्या आसपास रुंद आणि चांगली जड असते. म्हणून लोक दार वाऱ्याच्या पाठीमागे करतात. पण बर्फाच्या प्रदेशात वाऱ्याने उडवलेला बर्फ तिथेच आडोशाला येऊन साठतो. दार वाऱ्याला समांतर बाजूला आलेलं सगळ्यात बरं.

पायरी ३: पाया, आणि त्या अडकलेल्या दाराची गोष्ट

मी बसवलेला पहिला कंटेनर लाकडी स्लीपरवर, निम्मा भरावावर ठेवला होता. पहिल्या मोठ्या पावसानंतर दार उघडेना. उजव्या फळीची खालची कड उंबरठ्यावर घासत होती, लॉकिंग रॉडचा, म्हणजे दार बंद करणाऱ्या उभ्या सळईचा, दांडा दोघांनी ओढूनही हलत नव्हता. तेल घातलं, हातोडीने ठोकलं. शेवटी टेपने दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले तर त्यांत फरक होता. चौकट तिरकी झाली होती. पातळी बघायची पाण्याची नळी लावून कोपरे तपासले, तेव्हा दरीकडचा एक कोपरा अंगठ्याच्या रुंदीएवढा खाली गेलेला निघाला. त्या कोपऱ्याच्या ठोकळ्याखाली जॅक लावला आणि हळूहळू उचलला. पत्र्याचं पहिलं पॅकिंग, म्हणजे उंची भरून काढणारा तुकडा, खाली सरकवलं, दुसरं सरकवलं, आणि तिसऱ्या पॅकिंगला दाराच्या वरच्या बाजूने ‘टक’ असा आवाज आला. दांडा एका हाताने फिरला. दारात कुठलाच बिघाड नव्हता. बिघाड पायात होता.

त्यानंतर मी पाया असा करतो. कंटेनरच्या बुडाचे ठोकळे फरशीखालच्या आडव्या पोलादी पट्ट्यांपेक्षा (चॅनेल) थोडे खाली असतात, म्हणजे तो चार ठिकाणीच टेकतो. ठोकळ्याचा तळ अवघा १७८ बाय १६२ मिलिमीटरचा. सामानासकट दहा टन धरले तर एका कोपऱ्यावर अडीच टन येतात, आणि एवढ्याशा जागेवरून ते कुठल्याही मातीत घुसतील. माती चौरस मीटरला दहा टन पेलते असं धरलं तर अडीच टनांना पाव चौरस मीटर लागतं: ५० बाय ५० सेंटिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा. माती मऊ असेल किंवा दरीची कड जवळ असेल तर तो मोठा करा. ही जुजबी आकडेमोड आहे. वर माणसं राहणार असतील तर स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्या.

जिथे जमीन गोठते तिथे काँक्रीटच्या ठोकळ्याचा तळ गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो. मातीतलं पाणी गोठून फुगतं आणि पाया वर उचलतं, वसंतात परत सोडतं, आणि चारही कोपरे सारखे उचलले जात नाहीत. कातळ लागला तर नशीब. साफ करून त्यावरच ठोकळा ओता.

कंटेनर जमिनीपासून किमान ३० सेंटिमीटर वर ठेवा, म्हणजे खाली वारा खेळतो, बुडाचा रंग तपासता येतो आणि उद्या जॅक लावायला जागा राहते. काँक्रीट ओतताना प्रत्येक ठोकळ्यात पोलादी प्लेट बसवा. वरून कंटेनर ट्विस्टलॉकने (कोपऱ्याच्या भोकात फिरवून अडकवायची कडी) किंवा वेल्डिंगने तिला बांधायचा. ताशी १४० किलोमीटरचा वारा आडव्या बाजूवर आला तर दीड-दोन टनांचा धक्का बसतो, आणि रिकामी पेटी उलटायला तेवढा जवळपास पुरतो. खिंडीत आणि धारेवर असा वारा दुर्मीळ नसतो.

पायरी ४: आता खरेदी

बाजारात साधारण चार प्रती असतात. ‘वन ट्रिप’ म्हणजे एकच फेरी मारलेला, जवळजवळ नवा. ‘कार्गो वर्दी’ म्हणजे अजून जहाजावर चढू शकेल असा. ‘विंड अँड वॉटर टाइट’ म्हणजे वारा-पाणी आत न येणारा, बाकी पोचे-गंज गृहीत. ‘ॲज इज’ म्हणजे जसा आहे तसा. नुसत्या कोठारासाठी तिसरी प्रत चालते, खांब सरळ असतील तर. खिडक्या कापायच्या असतील किंवा एकावर एक चढवायचे असतील, तर पहिल्या दोनांतलाच घ्या. ‘ॲज इज’ डोंगरात नेऊ नका. वर वेल्डिंगचा प्रत्येक टाका खालच्यापेक्षा महाग पडतो.

राहायला करायचा असेल तर हायक्यूब बघा. साध्याची आतली उंची २.३९ मीटर; वर-खाली इन्सुलेशन आणि फरशी गेली की डोक्यावर फार काही उरत नाही. मात्र रस्त्यावरच्या तारांचा हिशेब पुन्हा करा.

फोटोवर विकत घेऊ नका. यार्डात जा आणि हे करा:

आत उभं राहून दोन्ही दारं बाहेरून बंद करायला सांगा. बाहेर आपला माणूस असू द्या. दोन मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात आणि छतातली सुईएवढी भोकंही ताऱ्यांसारखी दिसतात. तेवढ्या वेळात वासही घ्या. उग्र रासायनिक वास येत असेल तर तो कंटेनर सोडा. आत धुरी दिलेला माल किंवा रसायनं वाहिलेली असू शकतात. फरशी २८ मिलिमीटरच्या प्लायवुडची असते आणि तिला कीटकनाशक लावलेलं असतं. त्याचा उल्लेख दारावरच्या सीएससी पाटीजवळ (कंटेनरच्या सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय पाटी) सापडतो. कोठाराला अडचण नाही, पण झोपायच्या खोलीत ती फरशी काढा किंवा इपॉक्सीने पूर्ण बंद करा.

बाहेर येऊन दाराच्या चौकटीचे कर्ण मोजा. खांबांना पोचे आहेत का बघा. भिंतीचा पोचा दिसायला वाईट, खांबाचा पोचा खरोखर वाईट. खाली वाकून आडव्या चॅनेलांना पेचकसाने टोचा. शिडी लावून छत बघा, कारण छताच्या खळग्यात साचलेलं पाणी हीच गंजाची पहिली जागा. हे पोलाद गंजाला टिकणारं म्हणून ओळखलं जातं, पण त्याला ओलं होऊन वाळायला मिळालं तरच. कायम ओलं राहिलं तर तेही सडतं.

दारावरचा क्रमांक, चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीतला एक तपासणी अंक, बिलावर जसाच्या तसा उतरवून घ्या. खाली २२जी१ असेल तर साधा वीस फुटी, ४५जी१ असेल तर चाळीस फुटी हायक्यूब. परत समुद्रमार्गे पाठवायचा नसेल तर सीएससी तपासणीची मुदत संपलेली असली तरी बिघडत नाही.

पायरी ५: उतरवणं

कोरडा हंगाम निवडा आणि सकाळ निवडा. ट्रकचे क्रेनचे पाय दरीच्या कडेपासून लांब आणि जाड फळ्यांवर टेकवा. चारही कोपऱ्यांना स्लिंग, म्हणजे उचलायचे दोर, लावताना ती फार पसरट होऊ देऊ नका: आडव्यापासून ६० अंशांत असताना प्रत्येक दोरावर ताण किंचितच वाढतो, ३० अंशांवर तो दुप्पट होतो. कंटेनर रिकामाच न्या, सामान नंतर. पेटी हवेत असताना खाली कुणी उभं राहायचं नाही. दिशा द्यायला दोन कोपऱ्यांना लांब दोर बांधा.

टेकवल्यावर लगेच बांधून टाकू नका. आधी दारं उघडून-मिटून बघा. सहज हलली तर पाया सपाट आहे, पाणसळ काहीही सांगो.

बर्फ आणि घाम

वीस फुटीच्या छताचं क्षेत्र १५ चौरस मीटरच्या जवळ. ताज्या भुसभुशीत बर्फाचा मीटरभर थर दीड टनाच्या आत राहतो, पण बसलेल्या, दबलेल्या बर्फाचा तेवढाच थर साडेचार टनांवर जातो. बर्फ किंवा जोराचा पाऊस असलेल्या भागात वर उतरतं दुसरं छप्पर घालाच. त्याचे पाय चार कोपऱ्यांवर आणि बाजूच्या वरच्या कडांवर टेकवा. मधल्या पत्र्यावर एकही पाय नको. या छपराचा दुसरा फायदा असा, की दुपारचं ऊन आणि रात्रीची थंडी सरळ पत्र्याला लागत नाही.

त्यामुळे घाम, म्हणजे पत्र्यावर आतून सुटणारं पाणी, हाही कमी होतो. नवख्या माणसाला छत गळतंय असं वाटतं, तो भोक शोधतो, आणि भोक नसतंच. आतली हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ६० टक्के असली, तर पत्रा १२ अंशांवर आला की त्यावर पाणी सुटतं. दोन माणसं रात्रभर नुसती झोपली तरी श्वासातून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. कंटेनरला मुळात असलेले छोटे झरोके वायुवीजनासाठी पुरत नाहीत. समोरासमोरच्या भिंतींवर एक खाली, एक वर, अशा जाळीच्या खिडक्या करा. बर्फात बुडणार नाहीत एवढ्या उंच. सामान भिंतीपासून चार बोटं दूर आणि फळ्यांवर ठेवा. राहायच्या खोलीत पत्र्याला थेट चिकटणारा फवारणीचा फोम मारा. नुसती खनिज लोकर भरली तर बाष्प तिच्यामागे जाऊन पत्र्यावर पाणी होतं आणि लोकर ओली राहते.

खिडकी-दारासाठी कापाल तेव्हा लक्षात ठेवा, नागमोडी भिंतही भार वाहते. कापण्याच्या आधी चौकोनी पाइपची चौकट तयार ठेवा आणि कापल्यावर लगेच वेल्ड करा.

ज्यावर तडजोड करायची नाही

कंटेनरचं दार आतून उघडत नाही. आत माणूस असताना वाऱ्याने किंवा दुसऱ्या कुणी दार लावलं तर तो अडकला. माणूस आत काम करणार असेल त्या प्रत्येक कंटेनरला बाजूच्या भिंतीत आत उघडणारं छोटं दार करा. बाहेर बर्फ साचला तरी ते उघडतं. कोठाराला निदान आत जाताना कुलूप लॉकिंग रॉडच्या कड्यात बंद करून अडकवून ठेवायची सवय लावा, म्हणजे कुणालाच बाहेरून बंद करता येत नाही. फावडं कंटेनरच्या बाहेर टांगा. आत ठेवलेलं फावडं दारापुढचा बर्फ काढत नाही.

बंद कंटेनरात शेगडी, कोळसा किंवा जनरेटर चालवू नका. थंडीने कुडकुडताना ‘थोडाच वेळ’ म्हणून लावलेली शेगडी कार्बन मोनॉक्साइडने माणसाला झोपेतच संपवते. त्या वायूला वास नसतो. बाहेर धुराडं काढलेली, बाहेरची हवा घेणारी बुखारीच (खोली तापवायची शेगडी) वापरा आणि शिवाय या वायूचा अलार्म लावा. जुना शीतकंटेनर राहायला घेणाऱ्यांनी हे दुप्पट पाळावं, कारण तो जवळजवळ हवाबंद असतो.

वीज घेतलीत तर सगळ्या पेटीचं अर्थिंग करा आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. कातळात अर्थिंग नीट लागत नाही, ते मोजून घ्या. धारेवर विजा पडतात, त्यासाठीही तेच अर्थिंग कामाला येतं.

पहिलं वर्ष

दाराचं रबरी गॅस्केट थंडीआधी पुसून सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर ते गोठून चिकटतं आणि ओढल्यावर फाटतं. कुलपावर रबराचा पडदा टांगा. जिथे रंग उडाला तिथे घासून झिंक प्रायमर आणि वर रंग, त्याच आठवड्यात.

आणि पाण्याची नळी जवळ ठेवा. बसवल्याच्या दिवशी चारही कोपऱ्यांची पातळी मोजून दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहायची, तारखेसकट. पहिल्या पावसानंतर आणि पहिलं बर्फ वितळल्यावर परत मोजायचं आणि त्याच्या खालीच लिहायचं. पाच मिलिमीटरचा फरक दिसला की पॅकिंग आणि जॅक हाती घ्या. दार अजून सहज उघडत असतानाच.